टाकी रिकामी, रंग आकाशी

माणूस आपली चूक ऐकून घेतो; ती लाल अक्षरांत सांगितलेली मात्र त्याला सोसत नाही. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या प्रोग्रामरला हे सत्य रुजू झाल्या झाल्याच उमगलं. त्याचं काम साधं होतं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करायची. इंटरप्रिटर नावाचा प्रोग्राम ती तिथल्या तिथे पाळायचा आणि कुठल्या टाकीत किती पाणी आहे ते खालच्या ओळीत सांगायचा. काही बिघडलं की उत्तर लालभडक येई आणि प्रोग्रामरचं तोंड उतरे.

म्हणून त्याने रंग बदलायला घेतले. आकड्यांना पिवळा, आज्ञांना मोरपंखी, कंसांना राखाडी (कंसांनी फार पुढे पुढे करू नये). चूक दाखवणाऱ्या संदेशाला, पुष्कळ विचार करून, फिकट आकाशी. साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले आणि आकाशी जरासा उजळ करा, डोळ्यांना गारवा वाटतो, असं सुचवून गेले. हिशेबनीस बाईंचा कल जांभळ्याकडे होता. त्या नंतर बरेच दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. कार्यालयात कामाबद्दल इतकी तळमळ पूर्वी दिसली नव्हती.

मग एका सकाळी प्रोग्रामरच्या बायकोचा फोन आला. ती डोक्याला शाम्पू लावून न्हाणीघरात उभी होती.

"पाणी गेलंय," ती म्हणाली.

त्याने पडद्याकडे पाहिलं. 'टाकी रिकामी' ही अक्षरं वरपासून खालपर्यंत झुळझुळत होती.

"इथे तर छान निळं दिसतंय गं."

"मग तेच बादलीत भरून आण."

रीतसर चौकशी झाली. समितीने रंगाला निर्दोष ठरवलं आणि नागरिकांनाही या कामात सामील करून घ्यावं, अशी शिफारस केली. त्यानुसार तक्रारीच्या वेबपानावर आधी रंग निवडायची सोय झाली. तक्रारी झपाट्याने घटल्या (बहुतेक लोक रंग निवडून समाधानाने बाहेर पडतात, उरलेल्यांना पिस्ता रंगाची आणखी एक छटा हवी आहे).

बायकोही तणतणत तक्रार लिहायला बसली होती. नवरा घरी आला तेव्हा डोक्याला टॉवेल तसाच गुंडाळलेला. मान वर न करता तिने विचारलं, "अबोली बरा की मोतिया?"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या कामाविषयी दोघं मनमोकळं बोलली.

तुम्ही हे मोबाईलवर वाचत असाल, तर आधी उजेड कमी केला असेल, अक्षर मोठं केलं असेल, पान काळं हवं की पांढरं तेही ठरवलं असेल. उत्तम केलंत. मोबाईल मुळात कशासाठी उघडला होता, तेवढं आठवतंय का बघा.