अर्ध्याचे बारा

बायकोच्या फायलींवरून जरा हात फिरवावा, एवढंच त्याच्या मनात आलं. रविवारची दुपार होती, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या आणि तो एकटाच कॉम्प्युटरसमोर बसला होता. त्या वेळी तो उठून पायाची नखं कापायला बसला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तो पेशाने मुद्रितशोधक. औषधांच्या खोक्यात घडी करून घालतात ती माहितीपत्रकं त्यांच्या छापखान्यात छापली जायची. त्या मुंगीएवढ्या अक्षरांमधून चुकलेले अनुस्वार आणि उगाच घुसलेली चिन्हं वेचून काढणं हे त्याचं काम. ही सवय घरीही सुटत नसे. (लग्नपत्रिका आली की तो आधी लाल पेन शोधायचा. लग्न कुणाचं आहे ते बायको नंतर सांगायची.)

बायको गणितातली. गाठींचं गणित हा तिचा विषय. समोर दिसतेय ती दोरीची गाठ खरी, की ओढली की सुटणारी, हे दोरीला हात न लावता सांगायचं, असं काहीतरी ते होतं. त्यासाठी ती दीड वर्षासाठी दूरच्या एका संशोधन संस्थेत गेली होती. गाठींच्या मागे ती गेली आणि नवराबायकोची गाठ पडेनाशी झाली. (हा विनोद त्याने तिला फोनवर ऐकवला होता. ती ‘हं’ म्हणाली होती.)

फोन रोज व्हायचा.

“जेवलीस?”

“जेवले. तू?”

“जेवलो.”

“आई?”

“त्याही जेवल्या.”

मग दोघांपैकी एकजण “चल, ठेवू?” म्हणायचा. फोन ठेवला की त्याला आठवायचं, सांगायचं होतं ते सगळं तसंच राहिलं.

म्हणून त्याला त्या फायलींचा लळा लागला होता. बायको तिच्या टिपा साध्या मजकुराच्या फायलींमध्ये लिहायची. रंग नाहीत, ठळक अक्षरं नाहीत, नुसता मजकूर. “हे कुठल्याही मशीनवर उघडतं, आणि मी म्हातारी होईन तेव्हाही उघडेल,” असं तिचं म्हणणं. एका फायलीत एकच कल्पना. शब्द दुहेरी चौकटी कंसात टाकला की त्या नावाच्या दुसऱ्या फायलीकडे वाट व्हायची. ‘गाठ’वरून ‘वेणी’वर, ‘वेणी’वरून ‘आरसा’वर, असं हिंडता यायचं. जाताना तिने सगळं फोल्डर घरच्या कॉम्प्युटरला जोडून दिलं होतं. तिने तिकडे लिहिलं की इकडे उमटायचं, आणि इकडे बदललं की तिकडे.

छापखान्यातून आला की बूट काढायच्या आधी तो फोल्डर उघडायचा. सगळ्यात वरची फाइल नुकतीच बदललेली दिसली, म्हणजे ती या क्षणी टेबलाशी बसली आहे. आतलं काडीचंही कळत नसे. पण एखाद्या ओळीच्या शेवटी ‘छे, हे चुकतंय’ असं असायचं आणि ते वाचताना त्याला तिचं पेनचं टोपण चावणं दिसायचं. मग तो बूट काढायचा.

त्या रविवारी त्याला वाटलं, एवढ्या हजारभर फायलींमध्ये आपणही कुठेतरी असू. त्याने शोधात ‘नवरा’ टाकलं. काही नाही. ‘नवऱ्या’ टाकल्यावर एक फाइल आली. तिचं नाव ‘घर’. त्यात लिहिलं होतं : ‘टाकीचा कॉक अर्धाच फिरवायचा, पूर्ण फिरवला तर गळतो. नवऱ्याला सांगून उपयोग नाही. आईला सांगणे.’

तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. एवढ्या मोठ्या डोक्यात आपल्याला मिळालेली जागा नळापाशी, हे त्याच्या मनाला लागलं. आपण तिच्या खऱ्या कामात कधी तरी उपयोगी पडावं असं त्याला फार वाटलं. आणि रोज नजरेखालून जाणारी डॉलरची चिन्हं त्याला नेमकी तेव्हाच खुपली.

फायलीफायलींत डॉलर. ‘समजा’ म्हणून वाक्य सुरू व्हायचं, मग डॉलर, मग उलटी तिरकी रेघ, मग महिरपी कंस, पुन्हा डॉलर. त्याच्यातला मुद्रितशोधक ताठ बसला. छापखान्यात हे नेहमीचंच. एका मशीनवरची फाइल दुसऱ्यावर उघडली की असला कचरा येतो. गुरुवारी बिचारीचं व्याख्यान, आणि टिपा या अवस्थेत. सांगायचं नाही, नुसतं करायचं, म्हणजे उघडून बघेल तेव्हा किती बरं वाटेल तिला.

त्याने सगळ्या फायली एकदम निवडल्या. डॉलरच्या जागी काही नाही. उलट्या रेघेच्या जागी काही नाही. महिरपी कंस, त्याच भरात चौकटी कंसही, सगळ्यांच्या जागी काही नाही. ‘सर्व बदला.’ फायली पांढऱ्याशुभ्र झाल्या. त्याने चहा ठेवला आणि तो उतू जायच्या आधी फोन वाजला.

“तू घरी आहेस?” बायको.

“हो. दिसलं का?”

“काय दिसायचंय?”

“सगळं स्वच्छ केलं. तुझ्या फायलींमध्ये कचरा साठला होता. डॉलर, रेघा, कंस. एक ठेवला नाही.”



“एकही?”

“शोधून बघ.”

“अरे, दोन डॉलरच्या मध्ये असतं ते गणित असतं. उलटी रेघ असली की मशीनला कळतं, पुढे शब्द नाही, चिन्ह आहे. आता पहिल्या फायलीची तिसरी ओळ वाच. तिथे एक छेद दोन होतं.”

त्याने वाचलं. “फ्रॅक बारा.”

“फ्रॅक म्हणजे अपूर्णांक. कंस गेले ना, एक आणि दोन चिकटले. अर्ध्याचे बारा केलेस तू.”

“आणि चौकटी कंस?” त्याने हळूच विचारलं.

“त्या वाटा होत्या. आता कुठूनच कुठे जाता येत नाही.” आणि तिने फोन ठेवला.

चहा शेगडीभर झाला होता. सासूबाई उठून आल्या, त्यांनी शेगडीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि फडकं त्याच्या हातात दिलं.

तासाभराने पुन्हा फोन आला. आवाज शांत होता. (त्याची त्याला जास्त भीती वाटली.) गुरुवारचं ती फळ्यावर खडूने निभावून नेणार होती. बाकीचं रोज संध्याकाळी फोनवर दुरुस्त करायचं. ती सांगेल, तो चिन्हं घालेल. “तू काढलीस, तूच घाल.”

तो लगेच कबूल झाला. तिने हातांनी भिंत बांध म्हटलं असतं, तरी तो कबूल झाला असता.

मग रोज संध्याकाळी फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवून काम सुरू व्हायचं. सासूबाई बाजूला शब्दकोडं घेऊन बसायच्या.

“डॉलर. उलटी रेघ, फ्रॅक, कंस उघड, पाय, कंस बंद.”

“पाय वरती?”

“वरती. खाली दोन.”

“पाय वरती कशाला?” सासूबाई कोड्यातून मान वर करून म्हणाल्या.

“आई, हा गणितातला. बावीस छेद सातवाला,” पलीकडून बायको म्हणाली. “पुढची ओळ. दोन पाय.”

“दोनच असतात,” सासूबाई म्हणाल्या.

“दोन पाय म्हणजे पूर्ण फेरी. निघालो तिथेच परत.”

हे शेवटचं त्याने चिन्हांत घातलं नाही, पण त्याच्या डोक्यात राहिलं. तो विचारू लागला. वेणी म्हणजे काय? आरशात गाठ तीच राहते का? ती सांगताना रंगायची, सांगता सांगता थांबून “ए, इथे माझंच चुकलंय” म्हणायची. चिन्हांच्या मधल्या जागेत इतर गोष्टी येऊ लागल्या. तिच्या खोलीला खिडकी आहे पण समोर भिंत आहे. संस्थेच्या कँटीनमध्ये ती एकाच खुर्चीवर बसते, म्हणजे कुणी विचारलं तर ती जागा आपली आहे असं सांगता येतं. त्याने सांगितलं, की कपाटातला तिचा कप्पा तो उगाचच उघडतो. हे सांगताना त्याने फोनचा आवाज कमी केला. (सासूबाईंना तरीही ऐकू गेलं. त्यांनी कोड्यात काहीतरी लिहिलं.)

लग्नानंतर इतकं ते कधी बोलले नव्हते. फायली एकेक करून उरकू लागल्या, तसा तो हळू टाइप करू लागला. एक कंस घालायला तो दोनदा विचारायचा. हजारातल्या अजून पुष्कळ शिल्लक आहेत, याचा त्याला मनातून आनंद होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

एका सकाळी तो डबा भरत असताना सासूबाईंना म्हणाला, “माझ्यामुळे तिचं केवढं काम अडलं.”

“कुठे अडलंय? सगळं त्याच दिवशी परत आलं की.”

“काय परत आलं?”

“फायली. जुन्या प्रती ठेवलेल्या असतात म्हणे. तासाभरात झालं, असं म्हणाली. तुम्ही लिहिता ते फोल्डर वेगळं आहे.” मग जावयाचा चेहरा बघून त्या सावकाश म्हणाल्या, “तुम्हाला बोलली नाही वाटतं.”

त्या दिवशी छापखान्यात त्याच्या हातून एका पत्रकावर ‘जेवणानंतर’च्या जागी ‘जेवण नंतर’ सुटलं. पंधरवडाभर आपण लहान मुलासारखे पाटावर पीठ थापत बसलो होतो आणि मोठी माणसं हसत होती, असं त्याला वाटत राहिलं. संध्याकाळी त्याने फोन लावला.

“कुठपर्यंत आलो होतो रे?” बायकोने विचारलं.

“आई म्हणाल्या, सगळं पहिल्याच दिवशी परत आलं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आलं,” ती म्हणाली. “रागाने सांगितलं नाही आधी. वाटलं, दोन दिवस घालू दे डॉलर. मग तू विचारलंस, वेणी म्हणजे काय. इथे मला दिवसभर सगळे सांगतात, विचारत कुणी नाही. आणि फायली संपल्या की आपण पुन्हा जेवलीस-जेवलो करणार. ते मला नको होतं.”

सासूबाई शब्दकोडं घेऊन आत निघून गेल्या.

“शनिवारची सुट्टी मिळतेय,” तो म्हणाला. “येऊ?”

“ये. खिडकीसमोर भिंत आहे, पण दोन खुर्च्या मावतात.”

मग त्याला राहवलं नाही.

“मी घातलेलं सगळं वायाच गेलं म्हणजे.”

“नाही रे. त्यातलं एक पान मी कालच इथल्या मुलांना वापरायला दिलं.”

तो खुर्चीत सरळ बसला. “खरंच? कशासाठी?”

“चाचणीत. ‘खालील उताऱ्यातील चुका शोधा.’”

“मग?” तो म्हणाला. “सापडल्या का?”

“बऱ्याच सापडल्या,” बायको म्हणाली. “पण वेळ पुरला नाही. दोघांनी पुरवण्या मागितल्या.”