बाकावरचे जलतरण

लोहाऱ्याच्या सेंट यूलालिया हायस्कूलमध्ये यंदाच्या जूनपासून जलतरण हा ऐच्छिक विषय सुरू झाला. शाळेत पाणी नाही, ही बाब व्यवस्थापनाच्या ध्यानात आली. पण तोवर माहितीपुस्तिका छापून झाली होती.

एवढ्यावरून व्यवस्थापनाला हसण्याचे कारण नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सोळा चौकटी होत्या. रोबोटिक्स, अबॅकस, फ्रेंच, पाश्चात्त्य गायन, व्यक्तिमत्त्व विकास असे करत पंधरा भरल्या. सोळाव्या चौकटीत आजवर खो-खो होता. पण पालक संघाचे अध्यक्ष बजरंगराव, ज्यांचे बसस्थानकासमोर खत-बियाण्यांचे दुकान आहे, नुकतेच सोलापूरचे एक कॉन्व्हेंट पाहून आले होते.

"तिथं पोरं पोहायला शिकतेत," ते सभेत म्हणाले. "आन् आपली? खो-खो! खो-खो तर झेडपीच्या शाळेतबी असतोय. मग आमी फी कशाची भरायलोय?"

मुद्दा बिनतोड होता. खो-खोला दोन खांब आणि मोकळी जागा लागते. ज्या खेळासाठी दुकानातून काहीच आणावे लागत नाही, तो आपले मूल शिकते आहे हे शेजाऱ्यांना कळणार कसे? या जिल्ह्यातल्या मुली खो-खोत देशभर नाव काढून येतात हे सभेला ठाऊक होते. पण त्या याच जिल्ह्यातल्या मुली असल्यामुळे त्यात विशेष काही नव्हते. खो-खो गेला आणि चौकटीत जलतरण आले.

खो-खो शिकवत होते शिवराज सर. गाव जळकोट, पद शारीरिक शिक्षण शिक्षक, नेमणूक तात्पुरती. ही तात्पुरती नेमणूक इतकी वर्षे चालली होती, की तिच्या काळात शाळेची दोन फाटके गंजून बदलली गेली. सोयरिकीचे पाहुणे घरी येत, सरांची उंची पाहून खूश होत आणि उठता उठता विचारत, "कायम कवा व्हणार?" मग पुन्हा येत नसत.

मुख्याध्यापिका सिस्टर जोविटांनी सरांना बोलावून घेतले. सिस्टर मूळच्या केरळच्या, अलेप्पीकडच्या. त्या मराठी पाठ्यपुस्तकातून शिकल्या होत्या आणि ती पाठ्यपुस्तकासारखीच बोलत.

"जलतरण आपण शिकवायचे आहे, सर. निकाल शंभर टक्के लागला, तर आपणांस कायम करावे अशी शिफारस मी संस्थेकडे करीन."

"सिस्टर, मला पोहता येत न्हाय."

सिस्टरांनी सरांची फाईल उघडली. "आपल्या पदवीच्या गुणपत्रिकेत जलतरण आहे. पन्नासपैकी बेचाळीस."

"तिथंबी पाणी नव्हतं, सिस्टर."

"म्हणजे आपणांस अनुभव आहे," सिस्टर समाधानाने म्हणाल्या आणि फाईल मिटली.

सिस्टर ज्या गावच्या होत्या तिथे शाळेला जायलाही होडी लागते. पोहणे हा शिकवण्याचा विषय असतो हे त्यांना इकडे आल्यावर कळले. "आमच्याकडे शिकवत नाहीत, ढकलतात," त्या म्हणाल्या. "येथे ढकलायला काही नाही. त्यामुळे शिकवणे भाग आहे."

प्रार्थनेच्या हॉलमध्ये बाक मांडले गेले. मुलांनी बाकावर पालथे पडायचे, पोट टेकवायचे आणि हातपाय मारायचे. सरांनी मोबाइलवर पाहून चारही प्रकार बसवले. टोपी, गॉगल आणि नाकाचा चिमटा सक्तीचा होता, आणि चिमट्यामुळे हॉलमधले सगळे संभाषण सर्दी झाल्यासारखे चाले. पहिल्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर फोटो पडले. काळे गॉगल घातलेली पोरे ओळीने पालथी पाहून अणदूरच्या एका आजोबांना नातवाच्या शाळेत डोळ्यांची साथ आली असे वाटले. पण तो गैरसमज लगेच दूर करण्यात आला. बाकी सगळ्यांनी अंगठे पाठवले.

विषय ऐच्छिक असल्याने कोणता घ्यायचा हे पालकांच्या इच्छेवर होते. खो-खोच्या संघातली निकिता अशीच इच्छेने जलतरणात आली होती. इच्छा तिच्या वडिलांची होती.

"सर, श्वास कवा घ्यायचा?" तिने बाकावरून विचारले.

सरांनी विचार केला. "सध्या घेतच राहा."

"आन् ह्या पोहण्यानं आमी पुढं कवा जाणार?"

"पुढं जायचं न्हाय," सर घाईने म्हणाले. आदल्याच दिवशी एक मुलगा जोशात पुढे सरकून बाकावरून पडला होता आणि त्याचा दात हलत होता. त्या दिवसापासून पुढे सरकणे किंवा जमिनीला पाय टेकवणे हा नियमभंग ठरला, आणि त्याला गुण कापले जाऊ लागले.

सहामाहीला लेखी परीक्षा झाली. 'पाण्याचे तीन गुणधर्म लिहा', 'बुडणाऱ्या व्यक्तीची कर्तव्ये स्पष्ट करा' आणि 'टीप लिहा: काठ' असे प्रश्न होते. सगळी मुले पास झाली. सर महिन्याच्या शेवटी जळकोटला गेले, तेव्हा आईला म्हणाले, "औंदा कायम व्हईन असं वाटायलंय." आईने लगेच दोन स्थळांना निरोप धाडले.

दिवाळीनंतर शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. त्यांनी हॉलमध्ये डोकावले आणि जागीच थांबले.

"हे काय चाललंय?"

"जलतरण, सर," सिस्टर म्हणाल्या.

"पाणी कुठंय?"

हॉलमध्ये हातपाय मारण्याचा आवाज थांबला. शिवराज सरांच्या डोळ्यांसमोरून दोन्ही स्थळे लोहारा-सोलापूर गाडीत बसून निघून गेली. पण सिस्टरांनी अनेक तपासण्या पाहिल्या होत्या.

"पाण्याची आम्ही बचत केली आहे," त्या म्हणाल्या.

साहेबांनी डोळे बारीक केले, मग मोठे केले. टंचाईग्रस्त जिल्ह्यात पोहण्याच्या एका तलावाला किती पाणी लागते याचा त्यांनी जागेवरच हिशेब मांडला. शाळेने त्यातला एक थेंबही वापरला नव्हता. बचत शंभर टक्के होती. त्यांनी अहवालात 'अभिनव' हा शब्द दोनदा लिहिला, आणि एका ठिकाणी त्याखाली रेघ मारली.

पुढचे सगळे ओघाने आले. शाळेला ढाल मिळाली. पाठोपाठ परिपत्रक निघाले, की जिल्ह्यातील सर्व शाळांनी कोरडे जलतरण सुरू करावे, आणि ज्यांच्याकडे पाणी असेल त्यांनी समान संधीच्या तत्त्वानुसार ते वापरू नये. एका शाळेला खरोखरचा हौद होता. तिने तो रिकामा करून त्यात बाक मांडले, म्हणून तिला उत्तेजनार्थ पारितोषिक देण्यात आले.

जानेवारीत धाराशिवला आंतरशालेय स्पर्धा झाली. ओला आढळणारा स्पर्धक बाद, असा नियम होता. एका शाळेची मुले तोंड धुऊन आली म्हणून पूर्ण संघ बाहेर गेला. एका मुलीच्या कपाळावर घाम दिसला तेव्हा पंचांची बैठक बसली. घाम हे स्वतःचे पाणी असल्याने त्याला हरकत नाही, असा निकाल बहुमताने झाला. सुवर्णपदक बजरंगरावांच्या मल्हारला मिळाले. तो बाकावरून तसूभरही हलला नव्हता. निकिता शेवटची आली. ती सारखी पुढे सरकत होती.

बजरंगरावांनी दुकानासमोर मुलाचा फलक लावला. त्यावर 'जलसम्राट' असे लिहिले होते.

फेब्रुवारीत शाळेचे वनभोजन अणदूरकडच्या साठवण तलावावर गेले. जेवणे झाली, सिस्टर झाडाखाली जपमाळ घेऊन बसल्या, आणि शिवराज सर डबे मोजत असताना कुणीतरी मल्हारला म्हणाले, "जलसम्राट, दाखव की मर्दा!"

मल्हारने पदक काढून मित्राकडे दिले, गॉगल लावला आणि उडी मारली. पाणी त्याच्या छातीएवढे होते. त्याने तळाला पाय टेकवले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण पाय टेकवल्यास गुण कापतात हे त्याच्या अंगात पक्के मुरले होते. तो पाण्यावर पालथा पडला. हात सुंदर चालले. पाय सुंदर चालले. नियमाप्रमाणे तो तसूभरही पुढे सरकला नाही, फक्त खाली गेला. काठावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजत असतानाच निकिता धावली. खांबाला वळसा घालून गड्याला पकडायची जी सवय होती, त्या सवयीने तिने गाळातून मुसंडी मारली आणि त्याची तंगडी धरून ओढले. मल्हार काठावर आला तेव्हा निळा पडला होता. दोन्ही हातांनी तो पोटाखालचा बाक चाचपत होता.

शिवराज सरांनी त्याला पालथा घालून पाणी काढले. पोरगा रडायला लागला तेव्हा सरांनी त्याचा गॉगल काढून स्वतःच्या खिशात घातला.

मार्चमध्ये पालकसभा झाली. विषय दोनच होते: जलतरणाचा शंभर टक्के निकाल, आणि शिवराज सरांना कायम करण्याची शिफारस. संस्थेचे पत्र तयार होऊन सिस्टरांच्या टेबलावर होते, फक्त सह्या व्हायच्या होत्या. सर उभे राहिले. आभार मानतील म्हणून पालकांनी हात टाळ्यांच्या तयारीत ठेवले.

"मला एक सांगायचं हाय," सर म्हणाले. "तुमच्या एकाबी लेकराला पोहता येत न्हाय. मलाबी येत न्हाय. तळ्यावर मल्हार गेलाच व्हता."

बजरंगराव उठले. आता हा माणूस गळपट्टी धरणार, असे सरांना वाटले, आणि धरली तर बरेच होईल असेही वाटले.

"सर," बजरंगराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्यात काय, ठराव घिऊन टाकू. जे पोरगं जलतरणात पास झालंय, त्यानं पाण्यात उतरायचं न्हाय. सिस्टर, लिहून घ्या."

"आणि नापास?" सिस्टरांनी पेन उचलत विचारले.

"नापास कोण हायच कुठं?"

ठराव मंजूर झाला.

"आवो, मग शिकवायचं कशाला?" शिवराज सर जवळजवळ ओरडले.

बजरंगरावांना त्यांची कीव आली. "सर, तुम्ही लई मनाला लावून घ्यायलाव. मी बी.कॉम. हाय. दुकानाचा हिशेब कोण लिहितंय? दिवाणजी. मला कुणी इचारलं का, की तुमच्या बी.कॉम.चं काय झालं?"

निवृत्त ग्रामसेवक धनाजी आबा नातवापायी सभेला आले होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "म्या तर आदर्श गावाचं प्रशिक्षण चार डाव घेतलंय. पुण्याला. आमचं गाव तुम्ही बघितलंच हाय."

हशा पिकला. आठवीतल्या मुलाच्या आई दैवशालाताईही हसत होत्या. त्या म्हणाल्या, "मी इंग्रजीत एम.ए. केलंय. परवा इंग्रजीतून फोन आला, तर राँग नंबर म्हणून ठिऊन दिला!"

"नागरिकशास्त्रात म्या शाळेत पैला," मागून कुणीतरी म्हणाले, "आन् मतदानाला जाताना जेवण कुणाकडं हाय तेवढं बघतो."

हॉल आता छान रंगात आला होता. बजरंगरावांनी हात वर करून सगळ्यांना शांत केले.

"बघा सर. इथं एकबी माणूस कवा पाण्यात उतरलेला न्हाय, आन् सगळे पास हाईत. पोरांनाच तेवढं भिजवायचा हट्ट कशाला? उगं वाद नगो. जे शिकलाय ते ज्यानं कवातरी खरंच वापरून, भिजून बघितलंय, त्यानं हात वर करावा. आत्ताच्या आत्ता ठराव मागं घिऊ."

सिस्टर जोविटांचा हात टेबलावरून थोडासा उचलला गेला. पण आजच्या सभेच्या अध्यक्षस्थानी आपण आहोत आणि अध्यक्षांना मत नसते, हे आठवून त्यांनी त्याच हाताने पत्र सरांपुढे सरकवले. "सुरक्षेचा मुद्दा आपण वेळेवर मांडलात, सर," त्या म्हणाल्या. "त्याची नोंद शिफारशीत केली आहे."

बाकी हॉलमध्ये कुणाचाही हात वर नव्हता. सगळ्यांच्या नजरा शिवराज सरांकडे लागल्या. सरांचा उजवा हात मांडीजवळून वर निघाला, टेबलाच्या कडेपर्यंत आला, आणि तिथे पेन होते.

सही झाल्यावर टाळ्या बराच वेळ वाजल्या.

हे वाचणाऱ्यानेही आपल्या नावापुढच्या पदव्या एकदा मोजाव्यात आणि मग हात चाचपून पाहावा. कोरडा लागला तर काळजीचे कारण नाही. प्रवेश सुरू आहेत, आणि बाक पुष्कळ आहेत.