एलिसेओभाऊंचा परिचय

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांचा मेसेज आला: ताप आहे, रविवारी येता येणार नाही. गुरुनाथने तो तीनदा वाचला आणि समोरचे पोहे बाजूला सारले. मराठी मंडळाचा अध्यक्ष म्हणून हा त्याचा पहिलाच कार्यक्रम. 'ज्येष्ठांचे गुडघे: समज आणि गैरसमज'. भारतातून मुलांकडे आलेल्या एकशेवीस आईबाबांनी नावं नोंदवलेली, सगळे गुडघे तयार, आणि डॉक्टरच नाही.

"कॅन्सल कर ना मग," त्याची बायको इशिता म्हणाली.

"कॅन्सल काय कॅन्सल? मागच्या अध्यक्षांनी हिमवादळात लावणीचा कार्यक्रम केला होता."

"एवढं काय त्यात," अहिल्याबाई पोह्यांवर खोबरं भुरभुरत म्हणाल्या, "कोपऱ्यावरचे एलिसेओभाऊ डॉक्टर आहेत की."

"आई, तुला इथलं कळत नाही."

हे वाक्य अहिल्याबाई ऑक्टोबरपासून ऐकत होत्या. कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा, शेजाऱ्याला लाडू द्यायचे की नाही, फोनवर किती मोठ्याने बोलायचं, सगळ्याला हेच उत्तर. कराडच्या कन्याशाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला कचऱ्याचा वार कळत नाही म्हणजे काय? पण मुलाचं घर, म्हणून त्या गप्प बसत. आज मात्र बसल्या नाहीत.

"मी स्वतः विचारलंय त्यांना. एकाहत्तर साली डॉक्टर होते. माझा गुडघा बघून असं काही हं हं केलं की निम्मं दुखणं तिथेच गेलं. बोलवा त्यांना. माझी जबाबदारी."

एलिसेओभाऊ म्हणजे मेक्सिकोहून मुलीकडे येऊन राहिलेले पंचाऐंशी वर्षांचे गृहस्थ. सहा फूट उंच, पांढरी कोरलेली मिशी. रोज सकाळी बर्फ तुडवत फिरायला निघत आणि प्रत्येक दारापुढे दहा मिनिटं थांबत. त्यांचं इंग्रजी मोडकं, अहिल्याबाईंचंही मोडकं, त्यामुळे दोघांचं उत्तम जमे. हे आपलं सांगत, त्या आपलं सांगत. रव्याचे लाडू तिकडे जात, दालचिनीची कॉफी इकडे येई.

गुरुनाथला दुसरा इलाज नव्हता. ऑफिसची गडबड होती, म्हणून निमंत्रण आईनेच दिलं. "यू कम संडे. बिग हॉल. स्टेज, माइक. यू डॉक्टर." एलिसेओभाऊंचे डोळे पाणावले. त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. एवढा आनंद कशाचा झाला हे अहिल्याबाईंना कळलं नाही, पण माणूस कदरदान आहे एवढी खात्री पटली.

आता गुरुनाथच्या एका गुणाबद्दल सांगायला हवं. पाहुण्यांचा परिचय करून द्यावा तर त्यानेच. पाहुणा वीस मिनिटं बोलणार असेल तर गुरुनाथ पंचवीस मिनिटं परिचय करून देई. आपल्याकडे पाहुणा कोण आहे यापेक्षा त्याला किती विशेषणं लागली यावर कार्यक्रम ठरतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने शनिवारी बसून चार पानं लिहिली. एकाहत्तर सालचा डॉक्टर एवढ्या एका आधारावर 'मेक्सिकोतील ख्यातनाम अस्थिरोगतज्ज्ञ'पर्यंत तो आरामात पोचला.

रविवारी दुपारी एलिसेओभाऊ आले ते पांढरा कडक कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून. मिशी काळी केलेली, गालांवर हलकी पावडर. "काय प्रोफेशनल आहेत," गुरुनाथ इशिताला म्हणाला. अहिल्याबाईंनी मुलाकडे असं पाहिलं की त्याने पटकन खुर्च्या मोजायला घेतल्या.

घोटाळा चहाच्या रांगेत सुरू झाला. गुरुनाथच्याच वसाहतीत राहणाऱ्या रेणूताई पुढे होत्या.

"अहिल्याताई, हे डॉक्टर कसले? हे तर फादर आहेत. मला म्हणाले, चर्चमध्ये फादर होतो."

"भलतंच काय," मंडळाचा सेक्रेटरी प्रसाद मागून म्हणाला. "मला म्हणाले पोलीस होतो म्हणून. नंतर दरोडेखोर झालो म्हणाले, ते मला नीट कळलं नाही."

"मला तर जेलबद्दल सांगितलं," त्याच वसाहतीतले शिवकाका बशीत चहा ओतत म्हणाले. "चमच्याने भिंत खणून पळाले. एकूण अकरा लग्नं. त्यातल्या दोघींना विष घातलं."

"आणि तुम्ही हे कोणाला बोलला नाहीत?" गुरुनाथचा आवाज फाटला.

"मला वाटलं, पर्सनल मॅटर आहे."

गुरुनाथने आईला खांबामागे नेलं. "आई, तू कोणाला आणलंयस? एकशेवीस म्हातारी माणसं बसलीत इथे."

अहिल्याबाईंचा चेहरा उतरला. पाच महिन्यांत इथे त्यांनी स्वतःहून जोडलेला हा एकच माणूस. तो थापाड्या निघाला, तर आपल्याला खरंच इथलं काही कळत नाही हे साऱ्या मंडळासमोर सिद्ध होणार होतं. तरी त्या म्हणाल्या, "मला माणसं कळतात, गुरू. एवढी वर्षं वर्गात पन्नास पन्नास चेहरे वाचलेत मी. तो खोटं बोलणारा नाही."

तेवढ्यात निवेदिकेने अध्यक्षांचं नाव पुकारलं. गुरुनाथ माइकपाशी गेला आणि चार पानं हातात असून त्याला पहिलंच वाक्य वाचवेना. 'ख्यातनाम' म्हणावं तर उद्या पोलीस यायचे. "आजचे पाहुणे," तो चाचरत म्हणाला, "म्हणजे, डॉक्टर... असं आपण समजतोय."

'डॉक्टर' शब्द कानावर पडताच एलिसेओभाऊ उठले आणि झोकात लवले.

"काहींच्या मते, फादर."

ते पुन्हा लवले आणि हवेत क्रूस काढला.

"पोलीस..."

भाऊंनी कडक सलाम ठोकला. आता त्यांना राहवेना. ते माइककडे झुकून म्हणाले, "अँड बँडिट. अँड ब्लाइंड मॅन. अँड घोस्ट, टू टाइम्स."

सभागृहात कुजबुज वाढली. पहिल्या रांगेत सुट्टीला घरी आलेली गुरुनाथची मुलगी स्वानंदी बसली होती. तिचं कॉलेजात स्पॅनिश चालू होतं. ती उठून भाऊंशी दोन वाक्यं बोलली, भाऊ वीस वाक्यं बोलले, आणि ती हसत सुटली.

"बाबा, ही इज अॅन अॅक्टर. हीरो होते ते. सिक्स्टी-फोर फिल्म्स. आजी म्हणाली यू डॉक्टर, सो त्यांना वाटलं तुम्हाला डॉक्टरचा रोल हवाय. कोट घरून आणलाय त्यांनी, फिल्ममधला."

टाळ्यांनी हॉल दणाणला. शिवकाकांनी अकरा लग्नांबद्दल मोठा सुस्कारा सोडला. अहिल्याबाईंची मान आपोआप ताठ झाली. मी म्हटलं होतं, खोटं बोलणारा नाही.

मग भाऊ बोलू लागले आणि स्वानंदी तोडक्यामोडक्या मराठीत सांगू लागली.

"ते म्हणतात, तीस वर्षं झाली, मला स्टेजवर कोणी बोलावलं नाही. आज बोलावलं ते एका मोठ्या कलाकाराने. म्हणून मी कोट इस्त्री केला." स्वानंदी आजीकडे वळली. "आजी, ते तुझ्याबद्दल बोलतायत."

"माझ्याबद्दल?"

"ते म्हणतात, मी सेन्योराला, म्हणजे आजीला, माझे रोल्स सांगायचो, ती तिचे सांगायची. ती टीचर होती. इलेव्हन इयर्स नर्स होती, एका आंधळ्या म्हातारीची. पुराच्या पाण्यातून होडीत मतपेट्या नेणारी ऑफिसर होती. नवरा गेल्यावर मुलाच्या शाळेत ती फादर म्हणून सही करायची. चाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकली, पडली, परत चढली. ते म्हणतात, मला वाटलं, केवढं करिअर. मी विचारलं, कोणता स्टुडिओ? ती म्हणाली, कराड."

हॉलमध्ये हशा उसळला. भाऊंनी टेबलावरची शाल उचलली, नारळ उचलला, खाली उतरले आणि दोन्ही अहिल्याबाईंना दिले. त्यांना हाताला धरून वर आणलं.

निवेदिका हुशार होती. ती म्हणाली, "आपल्या नव्या पाहुण्यांचा परिचय अध्यक्ष करून देतील."

गुरुनाथ माइकपाशी आला. त्याला फार अभिमान वाटत होता. त्याने चार पानं खिशात घातली. "अहिल्याबाई," तो म्हणाला. "माझी आई. शिक्षिका, कराड." होडी कोणत्या सालची? मतपेट्या कुठून कुठे नेल्या? ती स्कूटरवरून पडली, तेव्हा आपण कुठे होतो? कोणालाही पंचवीस मिनिटं पुरवणाऱ्या माणसाकडे आईसाठी जेमतेम पाच शब्द निघाले.

अहिल्याबाईंनी नारळ त्याच्या हातात दिला आणि माइक काढून घेतला.

"थांब गुरू, तुला तिथलं माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मीच सांगते."

एलिसेओभाऊंनी कोट नीट केला आणि खाली जाऊन पहिल्या रांगेतल्या गुरुनाथच्या खुर्चीवर बसले.