चार नंबर वॉर्डाची पाणीटंचाई

चार नंबर वॉर्डाची पाणीटंचाई सोमवारी अकरा वाजता नगरपरिषदेत सुनावणीला हजर झाली आणि पाणीपुरवठा अभियंता मोरेश्वर दातीर यांच्या समोरच्या खुर्चीत बसली. दिसायला पन्नाशीची, अंगाने भरलेली बाई होती. नोटीस कार्यालयातल्या नव्या एआयने काढली होती. त्याचं म्हणणं होतं, समस्या सोडवण्याआधी तिचंही ऐकून घ्यावं.

दातीरांना एआयचा पहिल्यापासून संशय होता. पाइपांची चौकशी सोडून एआय कोणाच्या शेजारी कोण राहतं, हे विचारत बसे. दातीरांनी बाईला सांगितलं, की मोठा पंप येतोय, आता निघायची तयारी करा. बाई खूश झाली. मागचे दोन्ही पंप तिला चांगले मानवले होते.

एआयने पडद्यावर एक गोल काढला. पाणी कमी येतं, म्हणून लोक नळाला मोटार लावतात. मोटार शेजाऱ्याचं पाणी ओढते, म्हणून शेजारीही लावतो. पंप मोठा आला की मोटारीही मोठ्या येतात. मग त्याने विचारलं, यातली पहिली मोटार कोणाची?

"यांचीच," बाई दातीरांकडे बोट दाखवून म्हणाली. "माझा जन्म यांच्या मोरीतला."

हे दोघं आतून सामील आहेत, असं दातीरांना वाटलं. पण त्याच वॉर्डातल्या त्यांच्या घरी मोटार होती.

त्याच संध्याकाळी त्यांनी ती काढली. "आपणच का?" त्यांची बायको मंदाकिनी म्हणाली. "शेजारच्या परवीनभाभी काढणारेत का त्यांची?"

चार दिवस घरात थेंब आला नाही. मंदाकिनी भिंतीला कान लावून शेजारची मोटार ऐकत असे. पाचव्या दिवशी परवीन बागवान हंडा भरून घेऊन आल्या. हंडा ठेवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन, मोटार खरंच नाही ना, ते त्यांनी पाहून घेतलं आणि घरी जाऊन आपली काढली. मग त्यांची मोरी बघायला पलीकडचे आले. महिनाभरात टोकाच्या घरातही नळाला आपोआप पाणी चढलं.

बाई पुन्हा आली तेव्हा काडीसारखी झाली होती. तिला दुसऱ्या गावी जायचं होतं आणि इथे राहत असल्याचा दाखला हवा होता. एआयने ओळखणारा एक साक्षीदार मागितला. शिपाई वॉर्डभर फिरून आला. आमच्याकडे मोटार कधी नव्हतीच आणि या बाईंना आम्ही पाहिलेलं नाही, असं प्रत्येक घराने सांगितलं होतं.

दातीरांनी अर्ज पुढ्यात ओढला, 'मी ओळखतो' असं लिहून सही केली. नात्याचा रकाना रिकामा होता. तिथे त्यांनी लिहिलं, 'घरातली'.