तीन गोळ्या, एक भोक

बंदुकीला नवी नळी बसवली त्या दिवसापासून ओस्मोचे पाय जमिनीला लागेनात. "आता तीन गोळ्या आणि भोक एकच!" असं तो टपालवाल्यालासुद्धा अडवून सांगायचा.

बिचाऱ्याचं दुःखही तसंच होतं. गेल्या मोसमात जुन्या, झिजलेल्या नळीने ऐन वेळी दगा दिला, समोरचा मूस, म्हणजे ते घोड्याएवढं थोरलं हरीण, डुलत डुलत रानात गेला आणि गावजेवणाला अख्ख्या गावाने सलगमाचं सूप प्यायलं! तेव्हापासून दलदलीच्या काठावरची शिकारीची मानाची जागा त्याच्या हातून गेली होती. आज नेमबाजीच्या मैदानावर ज्याचा नेम सरस, त्याला ती जागा मिळेल, असं शिकारी मंडळाच्या प्रमुख तोइनीमावशींनी जाहीर केलं होतं.

ओस्मोच्या शेजारच्याच चटईवर मेव्हणा रेइमो आडवा झाला. "दाजी, नळी नवी, पण डोळे तेच ना?"

"बघच तू!"

धाड! धाड! धाड! ओस्मोने बंदुकीवरच्या दुर्बिणीतून गोल काळा ठिपका असा टिपला, की स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. रेइमोनेही आपल्या जुन्या तोफेतून तीन बार काढले. बंदुका खाली ठेवून सगळे निशाण्यांपाशी गेले.

ओस्मोचा कागद धुतल्यासारखा कोरा!

"वारा असेल," ओस्मो पुटपुटला.

"वारा? झाडाचं पान हलत नाहीये, दाजी! आणि हे माझं बघा!" रेइमो नाचायलाच लागला. त्याच्या कागदावर तीन भोकं इकडेतिकडे होती, पण मधोमध तीन एकमेकांना बिलगलेली!

"गोळ्या किती झाडल्यास रे?" मावशींनी विचारलं.

"तीन."

"आणि भोकं सहा? तुझी बंदूक विते की काय?"

मावशींनी रेइमोची जाडजूड गोळी मधल्या भोकांपाशी धरली. जाईना! मग ओस्मोची बारीक गोळी घातली. लोण्यात सुरी जावी तशी गेली!

"माझी! माझी नळी!" ओस्मोने आरोळी ठोकली. झाडावरचे कावळे उडाले.

"नळी झकास," मावशी म्हणाल्या, "पण चटईवर तिरका पडून तू शेजाऱ्याचा कागद फोडलास. आता सरळ झोप आणि स्वतःचा फोड!"

ओस्मो सरळ झोपला. पुन्हा तीन बार. आणि या खेपेला त्याच्याच कागदावर, काळ्या ठिपक्याच्या पोटात, तिन्ही गोळ्या तळहाताखाली मावतील अशा! मावशींनी पाठ थोपटली. दलदलीची जागा ओस्मोची! रेइमोनेच थर्मासमधली कॉफी ओतून त्याच्या हातात दिली.

पण ती बिलगलेली भोकं काही ओस्मोच्या मनातून जाईनात. त्याने तो कागद मेव्हण्याकडून मागून घेतला आणि घरी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, कपडे काढायच्या खोलीत भिंतीवर ठोकला.

त्याच्या बायकोने, हिल्क्काने, मान वाकडी करून बघितलं. "छान आहे हो. पण खाली मोठ्या अक्षरात नाव आमच्या रेइमोचं कसं?"

कागद उतरवावा, तर नळीचा अपमान! म्हणून तो अजून तिथेच आहे. दर शनिवारी कोणी ना कोणी पाहुणा आत वाफेत घाम पुसत म्हणतो, "काय नेम आहे हो रेइमोचा!"

आणि ओस्मो तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ वाढवत राहतो, बोलणारा ओरडत बाहेर पळेपर्यंत.