नाशिककराची वाईन-परीक्षा

वाईन म्हणजे काय हो? द्राक्षं! द्राक्षं म्हणजे नाशिक! आणि नाशिक म्हणजे... अर्थातच मी!

हे वाक्य मी आमच्या होणाऱ्या व्याह्यांना, कर्नल संभाजीरावांना, छाती फुगवून ऐकवलं आणि तिथंच फसलो. साल दोन हजार सहा. बँकेच्या बदलीनं आमचं बिऱ्हाड जयपूरला, जवाहर नगरात. लेक रुचिता हिचं लग्न इथल्याच छावणीतल्या कर्नलसाहेबांच्या तन्मयशी ठरलेलं. लग्न आमच्याकडून, रिसेप्शन त्यांच्याकडून, आमेर रस्त्यावरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये.

"वा, विलासराव!" कर्नल म्हणाले. "मग रिसेप्शनची वाईन तुम्हीच निवडा. आम्हा फौजी लोकांना रमपलीकडचं काही कळत नाही!"

आता खरं सांगतो. द्राक्षांशी माझा संबंध बेदाण्यापर्यंतच. घरात कुणी दारूचं नुसतं नाव काढलं, तरी आमची बायको विभा फिनेलनं फरशी पुसून घ्यायची! पण व्याह्यांपुढे माघार? छे!

शनिवारी चार बाटल्या आणल्या, पिशवीत पालकाच्या जुड्यांखाली दडवून. एका मासिकात वाचलं होतं, की खरा जाणकार वाईन पीत नाही. तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो. म्हटलं, हात्तिच्या! म्हणजे चूळ भरायची! ती तर मी रोज भरतो.

रविवारी विभा आणि रुचिता पत्रिका वाटायला बाहेर पडल्या. लग्नाला उरले होते नऊ दिवस. मी मागच्या अंगणातल्या बेसिनपाशी ठाण मांडलं. पहिली आंबट. दुसरी तुरट. तिसरी आंबट आणि तुरट. चौथी चाखेपर्यंत पहिलीची चव विसरलो, म्हणून पुन्हा पहिली! चूळ टाकता टाकता थोडी थोडी घशाखाली उतरतच होती. बेसिन लाल, बनियन लाल, डोळे लाल!

शेजारचे शेखावतजी गच्चीवर ऊन खात बसले होते. त्यांनी खाली पाहिलं आणि अख्खी गल्ली हादरेल अशी आरोळी ठोकली, "अरे दौडो! भाईसाहब को खून की उल्टी हो रही है!"

नेमक्या त्याच वेळी मायलेकी फाटकातून आत शिरल्या. मी पायानं बाटल्या बादलीमागे सारल्या.

"अहो, हे काय झालं?" विभा किंचाळली.

माझ्या जिभेवर दोन उत्तरं तयार होती. 'हे रक्त आहे' आणि 'ही दारू आहे'. मी विभाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रक्त परवडलं!

"काही नाही गं," मी क्षीण आवाजात म्हणालो. "थोडंसंच पडलं."

विभाचं नाक सर्दीनं चोंदलेलं होतं, हीच देवाची कृपा! शेखावतजींनी लागण नको म्हणून तोंडाला रुमाल बांधला आणि मला पोत्यासारखं उचलून गाडीत घातलं. पाच मिनिटांत दवाखाना! रुचिता हुंदके देत होती आणि विभा फोनवर कर्नलना सांगत होती, "साहेब, लग्न पुढे ढकलावं लागेल हो!"

हे ऐकून माझं खरं रक्त गोठलं! लेकीचं लग्न मोडतंय, आणि कशानं? चुळीनं!

वीस मिनिटांत कर्नल हजर. डॉक्टरांनी विचारलं, रक्त किती गेलं? विभा म्हणाली, "आधा बेसिन!" त्याबरोबर डॉक्टरांनी हातभर लांब काळी नळी काढली. ही तोंडातून पोटात घालून बघायचं म्हणे! मी ताडकन उठून बसलो.

"थांबा! ते रक्त नाही! वाईन आहे, वाईन!"

डॉक्टरांनी वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला आणि नळी गुंडाळून ठेवली.

कर्नलनी गंभीरपणे विचारलं, "मग कोणती निवडलीत?"

"सगळ्या सारख्याच लागतात, साहेब," मी मान खाली घातली. "आम्ही द्राक्षं नुसती खायचो हो."

कर्नल इतके हसले, की नर्स त्यांनाच तपासायला धावली. विभा मात्र रडत रडत भडकली. "मी इथं देव पाण्यात घालायला निघाले होते! जिवंत आहात म्हणून नुसतं बोलतेय, समजलं?"

घरी येताच ती बाटल्या मोरीत ओतायला निघाली. कशापायी एवढं नाटक केलं ते तरी बघू, म्हणून तिनं प्रत्येकीतला थेंब घेऊन बोट चाटलं. मग थोडा वेळ विचार केला. मग पुन्हा चाटलं.

"ही तिसरी घ्या," ती म्हणाली. "कोकम सरबतासारखी लागते. बाकीच्या गटारात!" आणि तिनंच कर्नलना फोन लावला.

रिसेप्शनला तिसरीनं मैदान मारलं! मिशाळ ब्रिगेडियर येऊन येऊन विभाला म्हणत होते, "भाभीजी, क्या चॉइस है!" आणि विभा शालूच्या पदराआड लाजत होती. रुचिता-तन्मय मंचावर झळकत होते. मलाही भरून आलं. म्हटलं, आज एक अख्खा ग्लास आपणही घ्यावा. मी वेटरला खूण केली.

तो ट्रे घेऊन मागे सरकला!

झालं होतं असं, की कॉलनीत खरं सांगायची विभाला लाज वाटली, म्हणून तिथं माझं रक्तच कायम राहिलं होतं. शेखावतजींनी गार्डनमधल्या एकूण एक वेटरला माझ्याकडे बोट दाखवून बजावलं होतं, "उनको सिर्फ छाछ देना!"

ताक चांगलं होतं. जिरं घातलेलं. तीन ग्लास प्यालो.