मागच्या सीटपर्यंत

आमच्या सोसायटीतले भास्करराव कुणालाही "कसे आहात?" विचारत नाहीत. "हिरडी दाखवा," म्हणतात आणि मोबाईलचा टॉर्च लावतात. मी भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात उभी असताना त्यांनी माझ्या दाढेत अडकलेली कोथिंबीर शोधली आहे. पंचाहत्तरी उलटली, बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे. पेरूच्या फोडी दिल्या तर परत करतात. "अख्खा द्या. माझं मी तोडतो."

ते एसटीत कंडक्टर होते. "पुढचे सगळेच घासतात, ताई. मागच्या सीटपर्यंत जायचं. कीड तिथं विनातिकीट बसलेली असते."

गेल्या उन्हाळ्यात नामपूरहून त्यांची थोरली बहीण, जिजी, कायमची राहायला आली. जन्मभर मिश्री लावलेली. हिरड्यांतून रक्त यायचं आणि दात उरले होते अकरा. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, मिश्री सुटली आणि दोन वेळा नीट घासलं तर हे वाचतील, नाहीतर कवळी.

"मनं तोंड शे, तुले काय?" जिजी भावाला अहिराणीत म्हणाली.

भास्कररावांनी नवा ब्रश आणला. पहिल्याच सकाळी जिजीने त्यावर मिश्री घेतली आणि मन लावून घासली. मी हसले, ते हसले नाहीत. मिश्रीची डबी घंटागाडीत गेली. दुसऱ्या दिवशी जिजी माझ्याकडे तवा मागायला आली, तंबाखू भाजायला. मी दिला नाही.

मग गॅलरीत दोन खुर्च्या आणि दोन तांबे आले. भाऊ घासेल तोवरच ती घासणार, अशी जिजीची अट. तिचा हात थरथरायचा, म्हणून त्यांनी ब्रशच्या दांडीला सायकलची मूठ बसवली. "चला, मागची सीट," ते म्हणायचे. जिजी फेसातून शिव्या द्यायची.

संक्रांतीच्या आधी तपासणी झाली. रक्त थांबलं होतं. भास्कररावांनी प्रत्येक मजल्यावर दार वाजवून "अकराच्या अकरा" असं जाहीर केलं. मागे जिजी, पुराव्यादाखल तोंड उघडून.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे ऊस घेऊन गेले आणि सोलायला विळी मागितली.

"राहू द्या," ते म्हणाले. "शाळेच्या वाटेवर मला हीच सोलून द्यायची."

जिजीने कांडं तोंडात धरून सर्रकन साल ओढली. डॉक्टरीणबाई तिथे नव्हत्या हे बरं. पहिला तुकडा तिने भावापुढे धरला.

बत्तीस दातांच्या भास्कररावांनी निमूट तोंड उघडलं.